शेळीनं माझं काय वाईट केलं

सुनंदा, तू बजावून ठेवलं होतंस तसं झालं नाही, हे आधी सांगून टाकतो. "मी गेले तर इथल्या स्मशानातल्या त्या हॉलमध्ये एक कप कॉफी आणि केकचा एक काप हातात देऊन लोकांना वाटेला लावायचं नाही. मला वरून लाज वाटेल," असं तू कॅन्टीनमध्ये ठणकावलं होतंस. पण तिथल्या बाई शिस्तीच्या. प्रत्येकाला एक कप, बशीत एक काप, आणि दुसऱ्या कापाकडे कुणी बघायच्या आत डबा बंद. मला इतकं हसू आलं की मी तोंड फिरवून खिडकीपाशी गेलो. लोकांना वाटलं रडतोय. कुणीतरी पाठीवर हात ठेवला. मग खरंच रडू आलं, तर तोवर पाठीवरचा हात निघून गेलेला.

पण काळजी करू नकोस. नंतर आम्ही झुइडओस्टला तुमच्या घरी गेलो, तर शेजारच्या सुरिनामी बाईंनी रोट्यांची चळत आणि पातेलंभर बटाट्याची भाजी आणून ठेवली होती. त्या दारातच म्हणाल्या, "सुनंदाच्या घरून उपाशी कुणी जायचं नाही." तुझे मुकुंदराव दिवसभरात पहिल्यांदा हसले. म्हणाले, "चला, हिचं कुणीतरी ऐकलं." आम्ही सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं. मी तीनदा.

तिथे एका तरुण मुलीनं मला विचारलं, "तुम्ही त्यांचे कोण?" मी म्हणालो, "ऑफिसात बरोबर होतो." किती मिळमिळीत उत्तर! तू असतीस तर काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. गणपतीच्या कार्यक्रमात पुण्या-मुंबईच्या त्या सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांपुढे तू माझी ओळख करून दिली होतीस, "हा दत्ता. माझा विरोधी पक्ष."

युट्रेख्टच्या त्या ऑफिसात आपण समोरासमोर बसायचो, आणि आपल्या मध्ये असायचं महाराष्ट्रातल्या एका ओढ्याचं पाणलोट क्षेत्र. बाकीच्यांना आपली गंमत वाटायची. ज्या देशात चढ म्हटलं की लोक पुलाकडे बोट दाखवतात, तिथे बसून ही दोन माणसं उतारावरून माती वाहून कशी जाते याचा अभ्यास करतात! तुझं काम उपग्रहाची चित्रं वाचायचं. कुठे बागायत, कुठे जिरायत, कुठे झाडी, कुठे पडीक, हे ओळखून तू नकाशात रंग भरायचीस. मागच्या चित्रात ज्वारी होती तिथे आता ऊस आलाय, हे तू असं सांगायचीस की जणू शेजारच्या घरात नवी सून आलीये. तुझे रंग माझ्याकडे यायचे, आणि कुठल्या रंगाच्या जमिनीवरून पावसात किती माती जाते, याचा हिशेब मी मांडायचो. म्हणजे तू रंगवायचीस आणि मी धुवायचो. हेही तुझंच वाक्य.

आणि तुझी ती सायकल, ती फिट्स! इथे आल्यावर सगळे घेतात म्हणून तूही सायकल घेतलीस, पण चढलीस कधीच नाही. रोज स्टेशनपासून ऑफिसपर्यंत तिला हाताला धरून चालवत आणायचीस. मी विचारलं, "मग आणता कशाला?" तर म्हणालीस, "तिलाही बाहेर पडावंसं वाटत असेल ना." तेव्हा मी तुला अहो-जाहो करायचो. देवधर मॅडम म्हणायचो.

आपलं भांडण लागलं ते पूर्वेच्या टेकडीवरून. त्या पाणलोटातली सगळ्यात मोठी टेकडी. मी म्हणायचो, नकाशात ती पडीक दाखवा. तू पेन्सिल खाली ठेवायचीस. "पडीक म्हणजे कुणाच्या लेखी पडीक? पायथ्याच्या वस्तीतल्या शेळ्या-मेंढ्या रोज तिथे जातात. तिचं नाव चराऊ रान."

"शेळ्या जातात म्हणूनच ती पडीक झालीये, मॅडम."

"दत्ता, शेळीनं तुझं काय वाईट केलंय रे?"

हे तू इतक्या वेळा विचारलंस की शेजारच्या टेबलावरच्या डच पोरांनाही ते वाक्य पाठ झालं. त्यांचा "शेळी"चा उच्चार ऐकण्यासारखा होता.

भांडण नुसत्या शब्दाचं नव्हतं, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. आपला नकाशा तिकडे पाणलोटाचं काम करणाऱ्यांच्या हातात जाणार होता. पडीक लिहिलं की पुढचं ठरलेलं: समतल चर खणा, झाडं लावा, आणि चराईबंदी करा. चराऊ रान लिहिलं, तर त्या वस्तीला विचारल्याशिवाय कुणी कुंपण घालू शकणार नव्हतं. एका रंगावर त्या लोकांची टेकडी अडली होती. तू त्यांच्या बाजूनं भांडायचीस, त्यांच्यापैकी एकालाही न भेटता. मी मातीच्या बाजूनं भांडायचो. निदान असं मी सांगायचो.

एकदा तू फळ्यावर शेळी काढलीस. ती दाढीवाल्या कुत्र्यासारखी दिसत होती. मग मला समजावलंस, मेंढी गवत कसं कुरतडते, शेळी मागच्या पायांवर उभी राहून पाला कसा ओरबाडते, बाभळीच्या शेंगा तिला का आवडतात. मी मान डोलवत होतो. सुनंदा, शेळीला शेंगा का आवडतात हे तू मला शिकवत होतीस, आणि मला तुझ्या त्या फळ्यावरच्या कुत्र्याच्या तोंडाचा वास येत होता. शेंगा खाल्लेल्या शेळीच्या तोंडाला एक आंबूस वास येतो. तो पुस्तकात नाही.

तर, सांगतो आता. मी धनगराचा मुलगा आहे. तू ज्या टेकडीसाठी भांडत होतीस, तिच्यापासून दोन डोंगर अलीकडे आमची वस्ती. नीट चालता यायला लागल्यापासून मी शेळ्यांमागे चाललो. पुण्यात शिकायला आलो, तिथली बोली उचलली, आणि कुणी विचारलं नाही तर सांगायचं नाही, एवढाच नियम ठेवला. कुणी विचारलं नाही. लाज होती असं नाही गं. आधी संकोच होता, मग त्याची सवय झाली, आणि पुढे पुढे ती सवय मोडायला निमित्तच मिळेना.

निमित्त एकदा मिळालं होतं. तेही मी घालवलं.

आपण लिम्बुर्गला गेलो होतो, आठवतंय? या देशात उतार आहेत ते तिथे दक्षिणेला. वर मऊ पिवळी माती, जोराच्या पावसात ती शेतातून सुटून थेट गावात शिरते. जुन्या शेतकऱ्यांनी उतारावर ठेवलेले गवताचे, झुडपांचे बांध बघून तू रस्त्यातच थांबलीस. "अय्या, या तर आपल्या ताली! या लोकांनी मधल्या काळात मोडल्या आणि आता परत घालतायत. आपल्यासारखंच की!" आणि पुढच्या वळणावर त्या उतारावर मेंढ्या चरत होत्या. आपल्याबरोबरच्या माणसानं सांगितलं, या मुद्दाम आणल्यात; गवत राखायला, काटेरी झुडपं वाढू न द्यायला. तुझा चेहरा असा फुलला की मला पुढचं कळलंच. "ऐकलंस? इथे मेंढीला सरकारी नोकरी, आणि आपल्याकडे चराईबंदी!" दिवसभर तू प्रत्येक मेंढीला "काय साहेब" म्हणून हाक मारत होतीस.

आणि मग कुंपणाची तार कुठेतरी सुटली होती, तिथून ते साहेब सगळे रस्त्यावर आले. वळणावर तू उभी, समोरून ट्रॅक्टर येतोय, मेंढ्या बावरलेल्या. "ए, मागं हो! भिंतीला लाग!" असं मी तुझ्यावर ओरडलो, आणि तोंडातून तो जुना आवाज निघाला. जीभ टाळूला लावून, मग लांब हेल. वर्षानुवर्षं काढला नव्हता. मेंढ्या डच होत्या, पण त्यांना कळलं. पुढची वळली, तिच्यामागे बाकीच्या वळल्या, आणि सगळ्या निमूट आत गेल्या. ट्रॅक्टरवाल्यानं टोपी काढली.

तू भिंतीला टेकून बघत होतीस. "हे कुठे शिकलास?"

इतका सरळ प्रश्न. इतकं सोपं उत्तर. आणि मी म्हणालो, "टीव्हीवर."

"कुठलं चॅनल?"

मी काहीतरी पुटपुटलो. तू हसलीस. मग म्हणालीस, "माझ्यावर ओरडलास ना? मग आता ते अहो-जाहो बंद. ओरडायचं असेल तर नीट 'अगं' म्हणून ओरड." त्या दिवसापासून तू मला रोज सकाळी विचारायला लागलीस, "काय रे, तुझ्या चॅनलवर आज काय?" मी म्हणायचो, "पावसाचा अंदाज." तुला तेवढं पुरायचं. मला वाटायचं, हिला कळलंय, फक्त माझ्या तोंडून ऐकायचंय.

आता ज्याच्यासाठी हे लिहितोय ते.

या वर्षी ती नवी चित्रं आली, बारीक तपशिलाची. तू सीडी लावलीस आणि थोड्या वेळानं "दत्ता!" म्हणून जी हाक मारलीस, ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली असेल. पूर्वेच्या टेकडीवर मधल्या पठारी भागात हिरवे ठिपके दिसत होते. आजूबाजूचं गवत वाळलेलं, आणि हे ठिपके मात्र गडद हिरवे. त्या बाजूला नमुना म्हणून थोडे चर खणून झाडं लावली होती, हे आपल्याला माहीत होतं. तू म्हणालीस, "झाडं जगली रे! चर खणले तिथे गुरं शिरू दिली नसणार, म्हणून जगली." ठिपक्यांवर तू "नवी लागवड, यशस्वी" असं लिहिलंस. मग खुर्ची माझ्याकडे वळवलीस आणि म्हणालीस, "म्हणजे तुझंच बरोबर होतं. बंदी केली की टेकडी सुधारते. जा, जिंकलास. लिही पडीक."

दुसऱ्या दिवशी तू पेढे आणलेस. दुधाची पावडर आटवून घरी केलेले, थोडे करपलेले. माझ्या विजयाचे. सगळ्या ऑफिसला वाटलेस, आणि त्या डच पोरांना सांगितलंस, "शेळी हरली." सुनंदा, हरल्यावर पेढे वाटणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

ती झाडं नव्हती.

मला बघताक्षणी कळलं होतं. झाडं असती तर चरांच्या रेषेत ओळीनं दिसली असती. हे ठिपके गोल होते, वाऱ्याला पाठ करून बसलेले, सपाटीवर, पाण्यापासून जरा वर. ते वाडे होते. कळप रात्री बसवतात त्या जागा. लेंड्या आणि मूत मुरून तिथली माती अशी होते की कळप उठून गेल्यावरही गवत तिथे आधी उगवतं आणि शेवटी वाळतं. मी अशा जागेवर घोंगडं टाकून झोपलोय. म्हणजे टेकडी जिथे सगळ्यात हिरवी होती, ती शेळ्या-मेंढ्यांनीच केलेली होती. तुझं म्हणणं खरं ठरवणारा पुरावा तुझ्याच पडद्यावर होता, आणि तो तू माझ्या पदरात टाकलास. ते ठिपके काय आहेत हे सांगायचं, तर मला ते कसं ओळखू आलं हेही सांगावं लागलं असतं.

मी पेढा खाल्ला. दुसराही घेतला.

का गप्प बसलो, ते कितीदा मनात घोळवलं. आमची टेकडी मी शाळकरी असताना बंद झाली. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, सगळं रीतसर. बाबांनी कळप विकला. शेळ्याच नाहीत तर पोराचं करायचं काय, म्हणून मला रोज शाळेत पाठवायला लागले. त्याआधी मी आणि अण्णा एक दिवसाआड जायचो. एकानं शाळा, एकानं शेळ्या. अण्णा मोठा, त्याला वीटभट्टीवर पाठवलं. टेकडी हिरवी झाली, मी शिकलो, आणि अण्णानं कधी तक्रार केली नाही. मग मला सांग, ती बंदी चूक होती असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? ती चूक असेल, तर माझं इथवर येणं अण्णाच्या वाट्यातून आलं. म्हणून मला ती बरोबरच हवी होती. प्रत्येक टेकडीवर बरोबर हवी होती. मी मातीच्या बाजूनं भांडत नव्हतो गं.

तू आजारी पडलीस तेव्हा दवाखान्यात तुला सांगायचंच म्हणून आलो होतो. येताना संत्री आणली. सोलत बसलो. पांढऱ्या शिरा काढत बसलो. तू म्हणालीस, "काहीतरी सांगायला आलायस. तोंडावर दिसतंय." मी म्हणालो, "पुढच्या वेळी सांगतो." तू डोळे मिटून म्हणालीस, "तुझ्या चॅनलवर जाहिराती फार."

पुढची वेळ आली नाही. मग त्या दिवशी तुमच्या घरी, तिसऱ्यांदा वाढून घेताना, मी मुकुंदरावांना सगळं सांगून टाकलं. धनगर, वाडे, पेढे, सगळं. मला खात्री होती ते म्हणतील, हिला माहीतच होतं. ते घास तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिले. "छे! तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती म्हणायची, दत्ता पक्का शहरातला. त्याला लहानपणी कुठेतरी शेळीनं ढुशी दिली असणार, म्हणून इतका चिडतो. आणि मेंढ्या हाकायला तो खरंच टीव्हीवर शिकला, असं ती सगळ्यांना कौतुकानं सांगायची." मग ते हसायला लागले. मीही. ती सुरिनामी बाई स्वयंपाकघरातून बघायला आली, काय झालं म्हणून. इतकी वर्षं मी समजत होतो की तू ओळखून गप्प आहेस, आणि तू तर बिचारी माझ्यावर विश्वास ठेवून बसली होतीस!

अण्णाला फोन केला. त्याच्याकडे आता मोबाइल आलाय. विचारलं, "त्या पलीकडच्या टेकडीच्या माळावर अजून वाडे बसतात का रं?"

"बसत्यात की. पर तू येवढ्या लांबनं शेरडांचं का इचारतोयस? बरा हायेस न्हवं?"

"बरा आहे. अण्णा, आपली टेकडी बंद झाली, तुला भट्टीवर जावं लागलं..."

"मंग?"

"काही नाही. वाईट वाटतं."

मग म्हणाला, "आरं, मला शाळा आवडतच नव्हती. तुला ठावं हाय की. पर शेरडं आवडायची, त्ये खरं." एवढंच. त्यात माफी होती की तक्रार, ते मी अजून बघतोय. दोन्ही होतं बहुतेक.

नकाशा जायच्या आत मी ऑफिसातल्या आपल्या साहेबांपुढे बसलो आणि ठिपके काय आहेत ते सांगितलं. त्यांनी विचारलं, कशावरून? मी म्हणालो, "मी तिथे झोपलोय." इतकं छोटं वाक्य होतं, सुनंदा. ते चष्मा काढून म्हणाले, मग हे आधीच का नाही सांगितलं? मी म्हणालो, आमचं चॅनल उशिरा लागतं. त्यांना कळलं नाही. तुला कळलं असतं.

आता तुझं "नवी लागवड, यशस्वी" पुसून मी तिथे "कळप बसवण्याच्या जागा" लिहिलंय. पूर्वेच्या टेकडीला तू म्हणत होतीस तो रंग दिलाय: चराऊ रान. पायथ्याच्या वस्तीला विचारल्याशिवाय काही करू नये, असं खाली स्पष्ट घातलंय. फक्त वरचा उभा कडा मी सोडलेला नाही. तिथे आलटून पालटून काही काळ चराई थांबवायलाच हवी. तिथली माती खरंच जातेय, आणि हे मी आता धनगर म्हणून सांगतोय. तुला पटणार नाही. पेन्सिल खाली ठेवशील. ठेव.

तुझी फिट्स मुकुंदरावांनी मला दिली. परवा स्टेशनवरून ऑफिसपर्यंत हाताला धरून चालवत नेली. चढलो असतो तर तिला परकं वाटलं असतं.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. ढुशी नाही. आमच्याकडे बिजली नावाची शेळी होती, कपाळावर पांढरा पट्टा असलेली. तिनं माझं भूगोलाचं पुस्तक खाल्लं. नेमकं जिल्ह्याच्या नकाशाच्या पानापासून सुरुवात केली, आणि मी पोचेपर्यंत नद्या-डोंगरांसकट सगळा जिल्हा संपवला. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी विचारलं, "नकाशा कुठाय?" मी खरं ते सांगितलं. वर्ग पोट धरून हसला, गुरुजींनी छडी मारली, आणि तेव्हापासून शेळ्यांबद्दल खरं सांगायचं मी सोडून दिलं. शेळीनं माझं वाईट केलं ते एवढंच.

आता पुन्हा सांगायला लागलोय.